चौऱ्याण्णव पायऱ्या

ताईच्या शहरात मी चार दिवस राहायला गेले, तेव्हा तिने पहिल्याच सकाळी मला बजावलं, "इथे गाडीबिडी विसर. हे शहर पायाखाली घातलंस तरच कळेल. आणि एकटी जाऊ नकोस, गल्ल्यांत चकशील. तळमजल्यावरचे काका येतील बरोबर."

काका सदुसष्ट वर्षांचे. नगरपालिकेत पाथरवट होते, रस्त्यांच्या फरसबंदीचं काम. अंगाने काटकुळे, पण पंजे असे की माझे दोन्ही हात त्यांच्या एका हातात मावले असते. डाव्या अंगठ्याचं नख कधीतरी हातोड्याखाली गेलेलं, ते परत आलंच नव्हतं. पहिली गल्ली संपेपर्यंत ते चकार शब्द बोलले नाहीत. ताईने माझ्या गळ्यात कुठलं लोढणं बांधलंय, असं मला वाटायला लागलं. बहुधा त्यांनाही तसंच वाटत असावं.

जुना भाग टेकाडावर होता आणि खाली पाणी. घरं एकमेकांना खेटून, जणू एक सरकलं तर शेजारचं कलंडेल. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून छत्रीवाला आला तर एकाने छत्री मिटावी. लाकडी सज्जे, रंग उडालेल्या खिडक्या, पितळी कड्यांची दारं. मी मान वर करून बघत चालले होते. काका मात्र खाली बघत होते.

"तुम्ही वर बघतच नाही," मी म्हणाले.

"सगळे वर बघतात. म्हणून तर खालचं नीट करावं लागतं."

आणि मग गाडी रुळावर आली. ही गल्ली त्यांच्या वडिलांनी बसवलेली, दगड हाताने घडवलेले. ही पुढची त्यांनी स्वतः. मधे हलकासा उतार, डोळ्यांना दिसणार नाही असा. "पाणी कसं, न सांगता उठून गेलं पाहिजे. शहाण्या पाहुण्यासारखं," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघून घाईघाईने पुस्ती जोडली, "तुम्हाला नाही हो म्हणत."

टेकाडाच्या कडेला आलो तर समोर एक लांब दगडी जिना थेट धक्क्यावर उतरत होता. खाली होड्या, पलीकडे करडं पाणी. दोन्ही अंगांना घरांची दारं पायऱ्यांवरच उघडत होती. काका थांबले.

"चौऱ्याण्णव आहेत," ते म्हणाले. "माझ्या आयुष्यात एक काम वाईट झालं, ते हे."

मग वरच्या पायरीवर बसून त्यांनी जे सांगितलं, ते असं.

वीस-एक वर्षांपूर्वी हा जिना झिजून मोडकळीला आला होता. नवीन दगड आला तो घोटून आरशासारखा केलेला. काका इंजिनिअरसाहेबांना म्हणाले, "साहेब, हा दगड दिवाणखान्यात शोभेल. इथे पाण्यावरचा दमट वारा येतो. पाय ठरणार नाही."

"वरून मंजूर होऊन आलाय," साहेब म्हणाले. "तुम्ही बसवा."

काकांनी बसवला. एकही पायरी केसभर वर-खाली नाही. बघणारे वाहवा करत होते. तिसऱ्या आठवड्यात, धुकं पडलेल्या एका सकाळी, जिन्याच्या मध्यावर राहणाऱ्या गणिताच्या बाई घसरल्या. निवृत्त, एकट्याच राहणाऱ्या. खुब्याचं हाड मोडलं. चौकशी झाली आणि कागदावर आलं की बाईंच्या चपला झिजलेल्या होत्या. काकांना कोणी एका शब्दाने बोललं नाही.

पण त्यांना घास उतरेना. तीन दिवस काकूंनी बघितलं आणि चौथ्या दिवशी ताट पुढे सरकवत त्या म्हणाल्या, "जाऊन सांगून या. तोंड लपवून किती दिवस जेवणार?"

ते इस्पितळात गेले. बाईंच्या खाटेशी उभे राहून म्हणाले, "बाई, तो दगड मी बसवला. घसरणार हे मला ठाऊक होतं."

"मग बसवलात कशाला?"

"साहेब म्हणाले म्हणून."

बाई म्हणाल्या, "हे उत्तर मी वर्गात कधी चालवून घेतलं नाही. आणि माफी वगैरे मागू नका, त्याने माझं हाड जुळणार नाही. माझ्यासारखी किती म्हातारी माणसं त्या जिन्यावर राहतात ते मोजा आणि उत्तर घेऊन या."

काका दारोदार फिरले. परत जाऊन म्हणाले, "एकतीस."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. म्हणजे त्यांना उत्तर आधीच माहीत होतं. "आता पुढची पायरी तुम्हीच सोडवा."

दुसऱ्या दिवसापासून काका कामावर जाण्याआधी दोन तास जिन्यावर येऊ लागले. छिन्नी, हातोडी, बसायला पोतं. जात्याला टाकी लावतात तशी प्रत्येक पायरीला टाकी लावायची, छिन्नीचे घाव घालून ती पाय धरेल इतकी खरबरीत करायची. रोज एक पायरी, खालून वर. सुरुवातीला लोक आवाजाने वैतागले. एकाने खिडकीतून विचारलं, "काय चाललंय सकाळी सकाळी?"

"टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात," काका म्हणाले. "पायरीपणही येत नाही."

अर्धा जिना झाला आणि साहेबांना खबर लागली. ते खिशात नोटीस घेऊनच आले. नव्या दगडाची नासधूस, तीही विनापरवाना.

"नोटीस द्या साहेब," काका म्हणाले. "पण आधी माझ्याबरोबर एकदा वरून खाली उतरा."

त्यांनी वरून बादलीभर पाणी सोडलं आणि दोघं उतरायला लागले. तिसऱ्याच पायरीवर साहेबांनी काकांचा खांदा धरला, तो सत्तेचाळिसाव्या पायरीपर्यंत सोडला नाही. तिथून पुढे टाकी लावलेल्या पायऱ्या सुरू झाल्या. साहेबांचा हात आपोआप सुटला आणि ते सरळ चालत धक्क्यावर पोचले. नोटीस खिशातून बाहेर आली नाही. उरलेला जिना काकांनी कामाच्या वेळेत, परवानगीने पुरा केला.

बाई सात महिन्यांनी काठी घेऊन जिन्यावर आल्या. काका त्यांच्यापुढे एक पायरी खाली, उलटे, हात पसरून उतरत होते. बाईंनी त्यांचा हात एकदाही धरला नाही. खाली पोचल्यावर दम खाऊन म्हणाल्या, "अठ्ठावन्नाव्या पायरीवरचे टाकीचे घाव विरळ आहेत."

"होते का हो विरळ?" मी विचारलं.

"होते ना. दुसऱ्या दिवशी जाऊन घातले." काका हसले. "त्यानंतर अकरा वर्षं बाई रोज धक्क्यावर यायच्या. गेल्या त्या तापाने, आपल्या बिछान्यात. पडून नाही."

आम्ही जिना उतरलो. पायऱ्यांवरचे टाकीचे घाव आता लोकांच्या पावलांनी थोडे मऊ झाले होते, पण पाय घट्ट बसत होता. धक्क्यावर नव्या पायवाटेचं काम चाललं होतं. डोक्याला रुमाल बांधलेली तिशीतली एक बाई मुकादम होती. काकांना बघून ती कामगारांना म्हणाली, "थांबा रे, काका आलेत."

निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती. तरी काकांनी चालून बघितल्याशिवाय या शहरात फरशी कायमची बसत नाही, हे मला ताईने नंतर सांगितलं. असा नियम कुठे लिहिलेला नाही. तो त्या इंजिनिअरसाहेबांनी घालून दिला आणि मग कोणी मोडला नाही.

काकांनी चपला काढल्या आणि ठेवायला कोरडी जागा शोधू लागले. मी हात पुढे केला. ते संकोचले, "अहो, नको," म्हणाले, पण मी घेतल्याच. मग ते अनवाणी, सावकाश, त्या नव्या दगडांवरून एकदा तिकडे गेले आणि परत आले. दोन ठिकाणी थांबून त्यांनी टाचेने दगड दाबून बघितला. मुकादमबाईने काही न विचारता त्या दोन दगडांवर खडूने फुल्या मारल्या.

आजूबाजूला माझ्यासारखेच पाहुणे जुन्या घरांचे फोटो काढत होते. मी मात्र काकांच्या चपला हातात धरून खाली बघत उभी होते.