अख्खं देणारे मारोतमामा

माझं अक्षर किरटं आहे आणि शाळा चौथीतच सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचं काही खरं नाही. ही वही मी कुणाला दाखवणार नाही. तरी कुणाच्या हाती पडलीच, तर आधीच माफी मागून ठेवते.

पालमला बसस्टँडजवळ मारोतमामांचं वधूवर केंद्र आहे. मामांना कोणतीही गोष्ट थोडी जमत नाही. पेरू आणायला गेले की पाटीच उचलून आणतात. गंगाखेडची गाडी कधी आहे विचारलं, तर पहाटेपासूनच्या सगळ्या गाड्या सांगतात आणि तोवर आपली निघून जाते. "घ्यायचं तर समदं, न्हाईतर कायबी न्हाई," हे त्यांचं नेहमीचं बोलणं.

माझ्या लेकीला, वर्षाला, बघायला लोक येत आणि पोहे खाऊन गप्प बसत. शेवटी ती म्हणाली, "आई, आता एकच स्थळ. न्हाई जमलं तर पुन्हा पाटावर बसायची न्हाई." ते स्थळ चारठाण्याचं होतं. त्यांनी मामांकडे वर्षाची माहिती मागितली.

मामा रोज संध्याकाळी संगणकाचा बॅकअप घेत आणि पेनड्राइव्ह देवापुढच्या करंड्यात ठेवत. मला म्हणाले, "ह्यातून एकट्या पोरीचं न्हाई निघत, ताई. निघतंय ते अख्खं. संगणकवाला म्हणायलाय, निवडून काढायची सोय असलेला प्रोग्राम घ्या. कशाला? निवडायला बसलं की माणूस सोयीचं तेवढंच निवडतंय!"

मला काहीतरी म्हणायचं होतं. पण चार माणसांत माझी जीभ टाळूला चिकटते.

मामांनी अख्खी फाइल पाठवली, तीही केंद्राच्या ग्रुपवर, सगळ्या घरांना. त्यात एक रकाना मामांनी स्वतःसाठी ठेवलेला होता. शेरा. "मुलगा बरा. सांगतो त्याच्या निम्मा पगार धरावा." "मुलगी गुणाची. आत्याला लग्नात दूर बसवावे." आमच्यापुढे लिहिलं होतं, "मुलगी हुशार. आई बोलत नाही. घर खरं."

सकाळी केंद्रापुढे ही गर्दी! ती आत्या सगळ्यांत पुढे. "काय हो मामा, मला किती दूर बसवायलाव? परभणीला का?"

"तिथूनबी आवाज येतोय की," मामा म्हणाले आणि टेबलामागे सरकले.

गर्दी पांगल्यावर मीच कशी कोण जाणे बोलले. "मामा, आपल्यासाठी राखून ठेवायचं ते समदं ठेवावं. पण शेजारीण विरजण मागायला आली, तर आपण दह्याचं अख्खं गाडगं देतो का? चमचाभरच देतो ना?"

मामा टेबलामागून पुढे आले. मग म्हणाले, "ताई, तुमचा शेरा बदलावा लागतोय."

मला वाटलं, चारठाण्याचं स्थळ गेलं. पण आठवड्यात ती माणसं आली. मुलाची आई दारातूनच म्हणाली, "विहीणबाई बोलत न्हाईत, हे लय बेस झालं. आमच्यात बोलायला मी एकटी पुरते." मुलापुढचा शेरा आम्हीही वाचला होता. "साधा. घोरतो." वर्षाने त्याला तोंडावर विचारलं, "लय घोरता का?" तो लाजून म्हणाला, "मी झोपलेला असतो, मला काय कळणार?" ती हसली आणि तिथेच जमलं.

मामांनी निवडून काढायची सोय असलेला प्रोग्राम घेतला. मग घरोघर फिरून सगळ्यांची नोंदणी फी परत केली. आमच्याकडे शेवटी आले. मी म्हटलं, "आमचं तर तुमच्यामुळेच जमलं. आमचे पैसे कशाला?"

"पैशात निवडानिवड न्हाई, ताई. द्यायचे तर समद्यांना."

मग खिशातून वाटी काढून हळूच म्हणाले, "हिनं विरजण आणायला सांगितलंय. चमचाभरच."

मी चमचाभर दही घातलं. मामांनी वाटी सांभाळून धरली, दुसऱ्या हाताने नोटा कोनाड्यात ठेवल्या आणि निघाले. फी पूर्ण परत आली होती.