बर्फ न धरणारा उतार

लिओना ह्रुष्का काँक्रीटवर थापी फिरवते. नेब्रास्कातल्या आमच्या भागातल्या धान्यकोठारांचे तळ आणि गोठ्यांच्या जमिनी बऱ्याचशा तिच्या हातच्या. बोलणं कमी, आणि एकदा ठरवलं की मागे सरत नाही.

चर्चच्या सभागृहाचं दार उत्तरेला आहे. हिवाळाभर तिथल्या उतारावर ऊन पडत नाही. ईस्टरपूर्वीच्या उपासांच्या दिवसांत दर शुक्रवारी आत तळलेल्या माशांचं जेवण असतं आणि गाव लोटतं. लिओनाचा नवरा व्हर्जिल मात्र दोन वर्षं गेला नव्हता. त्याचा एक पाय मका काढणीच्या यंत्रात गेलेला. शेवटच्या खेपेस त्याची व्हीलचेअर बर्फावरून मागे घसरली आणि चौघांनी त्याला खुर्चीसकट उचलून आत नेलं. "मी काय बटाट्याचं पोतं आहे?" एवढंच तो घरी येऊन म्हणाला. तेव्हापासून त्याचं ताट झाकून घरी यायचं.

बर्फ वितळावा म्हणून उतारावर दर हिवाळ्यात मीठ पडायचं आणि मिठाने पृष्ठभागाचे पापुद्रे निघायचे. लिओनाने तो दोनदा नव्याने घातला होता. तिसऱ्या वेळी तिने चर्चच्या समितीकडे विजेवर तापणारं काँक्रीट मागितलं. विद्यापीठाच्या लोकांनी एका पुलावर ते घातलं, तेव्हा ती त्या कामावर होती. मिश्रणात पोलादी तंतू आणि कोळशाची भुकटी घालतात. त्यातून वीज सोडली की फरशी स्वतःच ऊबदार होते.

समितीचे म्हातारे प्रमुख नॉर्बर्ट तिखोटा यांनी एक हिवाळा दिला. गोठलं तर फोडायचं, साधं घालायचं आणि पुन्हा मीठ.

काळपट मिश्रणातले तंतू थापीला अडकत होते. तिने ते लाकडी फळीने दाबत दाबत गुळगुळीत केलं.

पहिल्या बर्फात उतार पांढरा झाला. दुसऱ्यातही. नॉर्बर्टनी स्वतः मिठाचं पोतं आणून ठेवलं. लिओनाने वायरमनला बोलावलं. त्याला दोष सापडला नाही. ही फरशी सावकाश तापते, म्हणून बर्फ पडण्याआधीच वीज सुरू करावी लागते. दोन्ही वेळा तिने आदल्या दुपारी सभागृहातल्या विजेच्या पेटीतला, लाल पट्टी चिकटवलेला उताराचा खटका वर केला होता.

मग एका संध्याकाळी गाण्याची तालीम संपल्यावर ती कोट घालून मागच्या बाकावर बसून राहिली. नॉर्बर्टनी शेगडीचा गॅस पाहिला, कॉफीच्या भांड्याची वायर काढली, विजेची पेटी उघडली आणि तळहाताने खटक्यांची अख्खी रांग खाली ओढली. त्यांच्या वडिलांच्या वेळी जुन्या वायरींमुळे सभागृह जळलं होतं. तेव्हापासून शेवटी निघणारा सगळं पाडतो; गावातल्या निम्म्या घरांत हीच सवय आहे.

"लाल पट्टीचा खटका कोण पाडतं, नॉर्बर्ट?"

ते आपल्या हाताकडे पाहत राहिले. "हात आपोआप जातो गं, पोरी."

"म्हणून किल्ली मला द्या."

सभागृह बंद करायचं काम तिखोटांच्या घरात दोन पिढ्या होतं. ते म्हणाले, आणखी एक पट्टी लावतो. ती म्हणाली, पट्टी आहेच. ते म्हणाले, लक्षात ठेवीन.

"ठेवाल आणि तरी पाडाल. मार्चपर्यंत बंद मी करणार."

त्यांनी समितीला विचारावं लागेल असं सांगून पाहिलं. ती हात पुढे करून उभीच राहिली. शेवटी त्यांनी जुडग्यातून किल्ली काढली.

नॉर्बर्टच्या बायकोने लिओनाशी बोलणं सोडलं. लिओना कामावरून थेट यायची, कधी बिंगो संपेपर्यंत, कधी अंत्यविधीनंतरचं जेवण आवरेपर्यंत थांबायची, आणि एक खटका सोडून बाकीचे पाडायची.

उपासांच्या पहिल्या शुक्रवारी सकाळपासून बर्फ पडत होता. संध्याकाळी अंगणात गाड्या रुतल्या होत्या. उतार काळा, ओला होता. त्यावरून बारीक वाफ निघत होती. व्हर्जिल खुर्चीत बसून त्याच्याकडे बघत राहिला.

"तू मागे उभी राहू नकोस," तो म्हणाला.

"कोण राहतंय. मला थंडी वाजतेय," असं म्हणून ती आत गेली.

त्याने चाकं ढकलली. मध्यावर दम घ्यायला थांबला. चाकं जागची हलली नाहीत. वर नॉर्बर्ट दार धरून उभे होते.

"आटप, व्हर्जिल. दार धरून माझा हात दुखतोय."

"मग सोडा," व्हर्जिल म्हणाला आणि आपल्या हातांनी आत आला.

रांगेत तो शेवटचा होता. मासे संपले होते. कोबी आणि पावावर भागवावं लागलं. पुढच्या शुक्रवारी तो दार उघडायच्या आधीच उतारावर येऊन थांबला.