झिरोबाईंचा अर्ज

इस्पितळात कुठूनही फोन उचलून शून्य दाबलं की पलीकडून एकच आवाज यायचा, म्हणून तिला सगळे झिरोबाई म्हणायचे. डॉक्टर, आया, लिफ्टवाला, सगळे. बिनखिडकीच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून फोन जोडून देत तिनं अर्धं आयुष्य काढलं होतं. कुठला डॉक्टर कोणत्या वेळी कुठं सापडेल हे तिला तोंडपाठ. फोनवर रडणाऱ्याला किती रडू द्यायचं आणि कुठं थांबवून नाव विचारायचं, हेही अंगवळणी पडलेलं.

मग फोन आपोआप जोडणारं नवीन यंत्र आलं. ते बसवायला आलेल्या माणसानं आवाजासाठी तिलाच धरलं. ‘तपासणीसाठी एक दाबा, औषधांसाठी दोन दाबा’ असं ती दुपारभर वाचत राहिली. काम संपल्यावर तिनं सहज विचारलं, "यात आवाज माझा, ते कळलं. पण कुणी काय दाबलं की कुठं पाठवायचं, हे याला कोण सांगतं?"

"ते लिहिलेलं असतं. ओळीनं," तो वायर गुंडाळत म्हणाला.

"कुठल्या भाषेत?"

"ते शिकावं लागतं, ताई."

तो निघून गेला, पण ते वाक्य तिच्या डोक्यात घर करून बसलं. थोड्याच दिवसांत तिची खुर्ची तळमजल्यावरच्या चौकशीच्या खिडकीत गेली. तिथं तिच्याच आवाजाला कंटाळून लोक भांडायला यायचे. "ती फोनवरची बाई दुसऱ्याचं ऐकूनच घेत नाही हो," एक आजोबा म्हणाले. ती त्यांना खुर्ची देऊन, "बघते मी तिच्याकडे," म्हणाली.

विद्यापीठात नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग होते. संगणकशास्त्राची पदवी. तिनं घरी सांगितलं तेव्हा सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "आता? माझे गुडघे गेले तसं तुझं डोकं गेलं काय?" नवरा बेकरीत कामाला. पहाटे भट्टी पेटवायला जायचा, संध्याकाळी जेवणाआधीच पेंगायचा. तो म्हणाला, "भर की. अर्ज भरायला काय जातंय?"

अर्ज संगणकावरच भरायचा होता. शाळा सुटल्याचं वर्ष यादीतून निवडायचं, तर यादी तिच्या वर्षापर्यंत पोचतच नव्हती. तिनं पुन्हापुन्हा खाली ओढून पाहिलं. शेवटी होतं त्यातलं सर्वांत जुनं वर्ष निवडलं आणि पुढं गेली. उत्तर आलं ते कोरडं: माहिती आणि प्रमाणपत्र जुळत नाही, अर्ज रद्द.

रजा टाकून ती प्रवेश कार्यालयात गेली. तिथला कारकून तिच्याइतकाच थकलेला दिसत होता. डोळे चोळत म्हणाला, "तुमचं वर्ष यादीत नसेल तर ‘इतर’ निवडायचं."

"‘इतर’ नाहीये."

"असतं हो." त्यानं स्वतः उघडून पाहिलं. वर केलं, खाली केलं. मग मानेला हात लावून बसला. "नाहीये," तो म्हणाला. "पण मुदत संपली. आता पुढच्या वर्षी या. यादी बदलायला सांगतो."

भांडायचं ती मनाशी घोकून आली होती, पण नुसती मान हलवून बाहेर पडली. दिवसभर लोकांची भांडणं ऐकणाऱ्या माणसाला स्वतःचं भांडण उचलायला अंगात त्राण लागतं. ती बसथांब्यावर येऊन बसली. एक बस गेली, दुसरी गेली. तिला उठवेना.

पुढचं वर्ष गणितात गेलं. प्रवेशाची परीक्षा होती, आणि शाळेतलं गणित केव्हाच विसरलेलं. मुलगी दहावीला होती, तीच शिकवायची. संध्याकाळी सासूबाईंचे पाय शेकून झाले की दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायच्या. एकीकडे कुकर, एकीकडे समीकरण.

"आई, कंस सोडवताना चिन्ह बदलतं. कालही सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस."

"मग?"

"मग काय, विसरले. ओरडू नकोस, मी तुझी आई आहे."

"मी चुकले की तू ओरडायचीस तेव्हा?"

तिनं कंस पुन्हा पहिल्यापासून सोडवायला घेतला. कधी कधी ती पेन हातात धरूनच डुलकी घ्यायची. मुलगी मग तिला न उठवता गॅस बंद करायची.

पुन्हा अर्ज भरला तेव्हा यादीत ‘इतर’ आलेलं होतं. परीक्षा जेमतेम झाली. मुलाखतीला तिघंजण समोर होते. मधल्या प्राध्यापिका तिच्याहून लहान असाव्यात. त्यांनी विचारलं, "हाच विषय का?" तिनं उत्तर पाठ करून आणलं होतं, नव्या युगाबिगाचं. त्यातलं एक वाक्य आठवेना. ती म्हणाली, "फोन कुठं जोडायचा ते मी इतकी वर्षं ठरवत होते. आता ते यंत्र ठरवतं. ते कसं ठरवतं, एवढं मला बघायचंय." मग त्यांनी फळ्यावर एक गणित दिलं. ते तिला आलं नाही. अर्ध्यावर खडू धरून उभी राहिली आणि म्हणाली, "इथून पुढं मला येत नाही." प्राध्यापिकांनी काहीतरी टिपून घेतलं. चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

नाव प्रतीक्षा यादीत लागलं, तेही खालच्या टोकाला. आठवडे गेले. घरात कुणी विषय काढायचं नाही, तीही काढायची नाही. नकार वाचायची धास्ती नको म्हणून तिनं मेल बघणंच सोडलं. मुलीनंच एकदा जबरदस्तीनं फोन हातात दिला. कुणीतरी जागा सोडली होती. तिला प्रवेश मिळाला होता, पण आधी एक सत्र गणिताच्या पायाभूत वर्गाला बसायचं या अटीवर.

तिनं वाचलं, फोन खाली ठेवला आणि भांड्यांच्या ओट्याला टेकून खाली बसून रडायला लागली. आनंद म्हणावा तर तसं काही नव्हतं. पाठीवरचं ओझं उतरवून ठेवल्यावरच खांदे किती दुखतायत ते कळावं, तसं काहीतरी. आवाजानं नवरा उठून आला. केस विस्कटलेले, कानापाशी मैदा. तो तिच्या शेजारी उभा राहिला.

"जाऊ दे गं," तो म्हणाला. "त्यांना काय कळतंय? तू केलंस ना सगळं. मी बघितलंय रोज. पुढच्या वर्षी परत करू. आईचे पाय मी शेकत जाईन, म्हणजे तुला बसता येईल."

त्याचा गैरसमज झालाय हे तिला लगेच कळलं. तरी तिनं त्याला बोलू दिलं. लग्नानंतर तो एका दमात इतकं क्वचितच बोलला होता. मुलगी दारात तोंडावर हात दाबून उभी होती.

"मिळाला," शेवटी ती नाक पुसत म्हणाली.

"काय?"

"प्रवेश."

तो स्टुलावर बसला. म्हणाला, "म्हणजे पाय मलाच शेकायचेत."

"हो."

"किती वर्षं?"

"दिवसाच्या वर्गांना तीन वर्षं लागतात. संध्याकाळच्यांना जास्त."

आतून सासूबाईंनी हाक मारली, काय चाललंय म्हणून. तो उठला, पाण्याचं भांडं गॅसवर ठेवलं आणि शेकायची पिशवी शोधायला लागला. ती कुठल्या खुंटीवर असते हे त्याला माहीत नव्हतं. तिनं बसल्या जागेवरूनच दाखवली. उठायचं तिच्या जिवावर आलं होतं.