एक मिनिट अडतीस

त्या हिवाळ्यात मी ऑकलंडमधलं हिल्सबरोचं घर सोडून तीन महिन्यांसाठी न्यूझीलंडच्याच दक्षिण बेटावरच्या एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून गेले होते. ऑगस्टमध्ये युरोपात उन्हाळा आणि आमच्याकडे बर्फ, म्हणून तिकडचे स्कीइंगवाले सरावाला इकडे येतात. त्यांतलीच ती, तिशीची स्विस बाई. डाउनहिल, म्हणजे डोंगरउतारावरून ताशी शंभर किलोमीटरच्या वर सुटायचं, हा तिचा प्रकार. वर्षापूर्वी शर्यतीत एका डाव्या वळणावर पडून तिच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला होता. या मोसमात उतरली नाही तर संघातून बाहेर, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

गुडघा छान चालला होता. पण व्यायाम झाला की ती माझ्या हातात स्टॉपवॉच द्यायची, डोळे मिटायची आणि तीच शर्यत मनातल्या मनात पुन्हा उतरायची. हाताचा पंजा पुढे, वळणागणिक कलणारा. हे सगळेच खेळाडू करतात म्हणे. पूर्वी तिची मनातली वेळ आणि खरी वेळ जवळजवळ सारखीच यायची, एक मिनिट अडतीस सेकंद.

पहिल्या दिवशी एक पन्नास लागले. मी तसं सांगितलं. पुढच्या आठवड्यात दोन मिनिटं. त्या डाव्या वळणाशी तिचा पंजा थरथरायचा. दोन दहा झाले त्या दिवशी तिने "किती?" विचारलं आणि मी म्हणाले, "एक बेचाळीस. स्वीट ॲज, एकदम झकास."

आमच्या पुण्याच्या घरी आजारी माणसाला 'आज चेहऱ्यावर तरतरी आहे' असंच म्हणायचं असतं, भले तो अंथरुणाला खिळलेला का असेना. तेच वळण मला लागलेलं. मग मी दर काही दिवसांनी एखादा सेकंद कमी करत गेले. ती हसू लागली, पोटभर जेवू लागली, आणि मला स्वतःचंच भारी कौतुक वाटू लागलं.

सरावशर्यतीच्या आदल्या सकाळी तिचा पंजा त्या वळणाशी थांबला तो हलेचना. बऱ्याच वेळाने पुढे सरकला.

"किती?"

"एक एकोणचाळीस."

तिने डोळे उघडले. "मी मध्येच थांबून साठ आकडे मोजले," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "कोच गोड बोलतो, आई गोड बोलते. तुला स्कीइंगमधलं ओ की ठो कळत नाही, म्हणून घड्याळ तुझ्याकडे दिलं होतं. त्यावरच मी तयार आहे असं टीमला कळवून बसले."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "उद्या जाऊ नकोस," मी म्हणाले. "तू तयार नाहीस. हे खरं सांगतेय."

"हे तरी कशावरून?"

मी गयावया केली, तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला आणि बूट उचलून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिला डोंगरावरून स्ट्रेचरने खाली आणलं. या वेळी दुसरा गुडघा. मला त्या क्लिनिकमध्ये नेऊ नका, एवढंच ती सगळ्यांना सांगत होती.