फिटरचा दम

स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू मशीनवर, मूठ कानाला, डोळे मिटलेले. आमचा फिटर मला असाच आठवतो. चिकलठाण्याच्या कंपनीत पंचवीस वर्षं मी त्याचा हेल्पर होतो. मशीन ऐकून तो सांगायचा, "बेरिंग रडतंय. बंद करा." साहेब लोक हसायचे. दोन दिवसांनी बेरिंग जायचं, मग त्यालाच शोधत फिरायचे. तुमच्याही कामावर असा एखादा असेल, तर जास्त सांगायला नको.

रिटायर झाल्यावर हा गडी पळायला लागला. मुकुंदवाडीत लोक विचारायचे, "मामा, मागं कोण लागलंय?"

"म्हातारपण. दिसत नाय का?"

मग एक दिवस त्याच्या छातीत कळ आली. नस बंद निघाली, डॉक्टरांनी आत स्प्रिंग टाकली. खाटेवर पडल्या पडल्या यानं विचारलं, "आता लोड किती घेईल?" डॉक्टर समजूतदार होता. कितीतरी महिने नुसतं चालायला लावलं, दवाखान्यातल्या फिरत्या पट्ट्यावर पळवून तपासलं, मग म्हणाला, पळा, पण तोंडानं बोलता येईल एवढंच. बोलणं तुटलं की थांबायचं. आणि एकट्यानं जायचं नाही.

त्याची बायको, आमच्या वहिनी, माझ्या दारात आल्या. "भाऊजी, तुम्ही सायकलवर ह्यांच्याबरोबर जा. माझं ऐकत नाहीत."

माझी बायको जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. मला कुणाचं तोंड बघायचं नव्हतं. पण ते सहा महिने माझा डबा वहिनींच्याच घरून येत होता. नाय कोणत्या तोंडानं म्हणणार?

पहिल्याच दिवशी तो पळता पळता ओरडला, "हेल्पर, विचार की काहीतरी!"

"काय विचारू?"

"काहीपण. मी बोललो पायजे ना."

तोंडात आलं ते म्हणलं, "काल काय जेवला?"

केंब्रिज चौकापर्यंत तो मला अंबाडीची भाजी सांगत होता. लसूण किती, तेल किती, वहिनी मीठ कशा विसरल्या आणि यानं ते कसं गपचूप खाल्लं. दुसऱ्या दिवशी मी तेच विचारलं. तिसऱ्या दिवशी पण तेच.

"अरे, तुला दुसरा प्रश्नच नाय का?"

"तू दुसरं काही जेव."

तो बोलायचा, मी दम ऐकायचो. मी धनगराचा. चौथीत शाळा सुटली, पुढं मेंढरांमागं वाढलो. कळपातलं कोणतं मेंढरू आता बसणार, ते मला त्याच्या दमावरून कळायचं. दुसरं काही येत नाही, एवढं येतं.

एक दिवस त्यानंच विचारलं, "आता तू सांग. तुझी मालकीण कशी गेली रे?"

मी सांगितलं. ती म्हणाली होती, कसंतरी होतंय, दम लागतोय. मी म्हणलं, गॅस असंल, सोडा पी. आणि जेवायला बसलो. ती तशीच मला वाढत होती. त्याच रात्री गेली. मेंढरांचा दम ओळखणारा माणूस मी, समोर बसलेल्या बायकोचा ओळखला नाही.

तो थोडं पुढं गेला आणि थांबला. मी घाबरलो. "काय झालं?"

"मला काय नाय. तुझ्यासाठी थांबलो."

अडुसष्टाव्या वर्षी त्यानं शहरातल्या एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातलं. डॉक्टर हो म्हणाले, अट तीच. मी कडेकडेनं सायकल घेऊन. शर्यतीच्या बंदोबस्तावरल्या एका पोरीनं शिट्टी वाजवली, "काका, सायकल अलाऊड नाही!"

हा पळता पळताच म्हणाला, "बाळा, ते माझं मीटर हाय." पोरगी हसली, मला सोडलं.

सतराव्या किलोमीटरला मी विचारलं, "काल काय जेवला?"

"पिठलं... आणि..."

"आणि?"

"आणि..."

दम वरच्या वर आला होता. मी सायकल आडवी घातली. "थांब."

"चारच... राहिलेत."

"थांब म्हणलं ना!"

पंचवीस वर्षांत मी त्याला कधी हुकूम दिला नव्हता. तोच द्यायचा. त्यानं पुढं रस्त्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. आणि थांबला. दुभाजकावर बसला. शर्यतीच्या गाडीतले डॉक्टर आले, तपासलं, म्हणाले, बरं केलं थांबलात. तो शांत होता. मी मात्र अजून सायकलचा ब्रेक दाबूनच उभा होतो.

"मालकीण आठवली ना?"

"गप बस."

तो गप बसला. जरासाच वेळ गेला असंल. मला ते सोसंना. "गप नको बसू. बोल."

"आणि ठेचा," तो म्हणाला.

पुढं चार वर्षं पळला, सहा-सात किलोमीटरच. ती चार राहिलेली किलोमीटरं मात्र मला रोज ऐकवायचा.

गेल्या उन्हाळ्यात गेला. झोपेत. लोक म्हणाले, पळून पळून मेला. मी तोंडावर म्हणलं, तुम्ही बसून कोणते अमर होणार? मला राग एकाच गोष्टीचा. बोलणं तुटलं तेव्हा मी शेजारी नव्हतो.

परवा वहिनींचा निरोप आला. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, एकटीला नको वाटतं. सकाळी मी सायकल घेऊन गेलो. चढलो नाही, हातात धरली. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला त्या. विमानतळाच्या भिंतीपर्यंत नुसती साखळी वाजत होती. शेवटी मीच विचारलं, "वहिनी, काल काय जेवलात?"

त्या थबकल्या. "ह्यांना पण हेच विचारायचात?"

"व्हय. रोज."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि चालता चालता सांगू लागल्या. मी कान दिला. दम ठीक होता.