शिळेवरची रेघ

ल्यूशस टॉलिव्हर वीसेक वर्षं फौजेत होता, व्हिएतनाम धरून. परतल्यावर गावच्या कौन्सिलवर निवडून आला. पाच सभासदांत आम्हा काळ्यांचा तो एकटाच. माझ्या केशकर्तनालयात बसायचा, बोलायचा कमी. एकदा म्हणाला, "चिखलात आम्ही काळे-गोरे एकाच खड्ड्यात झोपलो. मग इथं नावं वेगळी कशाला?"

नावं म्हणजे कोर्टासमोरच्या शिळेवरची. दुसऱ्या महायुद्धात जॉर्जियातल्या आमच्या या गावचे जे मेले, त्यांची. वर गोरे, मग एक रेघ, रेघेखाली आमचे तिघे. त्यातला सीफस हा आमच्या वस्तीतल्या अर्नेस्टीन मावशींचा भाऊ.

जुनी शिळा काढून नवी बसवावी, सगळी नावं एकत्र कोरावीत, असा ल्यूशसचा ठराव होता. त्याच शब्दावर तो निवडून आलेला. दोन गोरे सभासद राजी झाले. बहुमत झालं.

सभेच्या दुपारी तो दाढीला आला. गळ्यात टाय, एरवी फक्त मयतीला घालायचा तो.

"काय सार्जंट, कोण गेलं?"

"अजून कुणी नाही. हात सांभाळ. मागच्या वेळी अर्धी मिशी खाल्लीस."

तेवढ्यात मावशी काठी टेकत आत आल्या. बसल्या नाहीत.

"ल्यूशस, ती शिळा हलवू नकोस."

"मावशी, सीफस वर जाईल. सगळ्यांच्यात."

"आता? जिवंत होता तेव्हा हातात फावडं दिलं त्याच्या. बंदूक नाही. दुसऱ्यांचे मुडदे पुरत मेला तो. वर नेलास तर उद्याची पोरं म्हणतील, काय भलं गाव होतं! रेघ त्यांनी मारलीय ना? दिसू दे."

"मी लोकांना शब्द दिलाय."

"दिला असशील. भाऊ माझा आहे."

त्या गेल्या. ल्यूशसच्या गालावर साबण वाळत होता.

संध्याकाळी सभेत मी मागच्या बाकावर होतो. ल्यूशस उठला. ठराव बदलतो म्हणाला. शिळा तशीच ठेवा, फक्त खाली कोरा, ही रेघ कुणी मारली आणि कोणत्या साली.

राजी झालेले दोघे टेबलाकडे बघू लागले. रेघ मारली तेव्हा एकाचा आजा महापौर होता. मतं पडली : ल्यूशस एकीकडे, बाकी सगळे दुसरीकडे.

"मग मूळचा ठराव घेऊ या?" सभा चालवणाऱ्या आताच्या महापौरांनी विचारलं. "तो आम्हाला चालेल."

तो अजूनही जिंकू शकत होता. आमची माणसं बाकांवर पुढे सरकून बसली.

"नको," ल्यूशस म्हणाला. "मागे घेतो."

महापौरांनी त्याचा हात हातात घेतला. "समजूतदार आहात." आमच्यापैकी कुणी त्याच्याजवळ गेलं नाही.

त्याला घरी सोडताना मी विचारलं, "वाईट वाटतंय?"

"वाटायला हवं," तो म्हणाला.

पुढच्या निवडणुकीत आमच्याच वस्तीने त्याला पाडलं. मावशींनी मत कुणाला दिलं, ते त्याने कधी विचारलं नाही.