एक जूनची सही

१ जून, सकाळचे साडेदहा. महाडच्या कचेरीत जुन्या शाळांची रजिस्टरे संगणकात भरली जातात. तिथे मी जुने अक्षर वाचून द्यायला जातो. नोंदी तपासण्याचे नियम तिथला एक चाळिशीतला गृहस्थ लिहितो. एक रकाना दुसऱ्याशी ताडून पाहायचा. मेळ बसला नाही तर नोंद परत. चहा आणि बिस्किटे आली तरी तो विचारतो, "सर, आधी काय, मग काय?" उत्तर मनासारखे नसले की पेनाला टोपण लावतो.

उमरठची एक बाई शाळेच्या दाखल्यासाठी आली. अंगणवाडीतल्या नोकरीचा अर्ज त्याच दिवशी दुपारी एकपर्यंत द्यायचा होता. तिची नोंद अडली. जन्म आणि पहिलीतला प्रवेश यांत तीनच वर्षांचे अंतर होते.

"ताई, तिसऱ्या वर्षी पहिलीत? दप्तर कोण उचलायचं तुमचं? मास्तरांची चूक दिसते," तो म्हणाला.

"आमचं मास्तर चुकायचं नाय," ती म्हणाली.

ते मास्तर म्हणजे मी. जन्मतारीख ठाऊक नसलेल्या प्रत्येक मुलाला मी एक जून लावत असे. हिचे सालही अंदाजानेच लिहिले होते. तिने मला ओळखले नाही. त्याने रजिस्टरावरची सही पाहिली, मग माझ्याकडे पाहिले आणि पेनाला टोपण लावले. मी पुढचे रजिस्टर उघडले. बाराच्या एसटीने ती दाखल्याविना परत गेली.

तीन वाजता त्याने चूक मान्य करणारा कागद माझ्यापुढे ठेवला. "सर, एवढी सही झाली की दाखला निघतो."

मी सही केली. सहीशेजारी त्याने वेळ लिहिली: तीन वाजून दहा मिनिटे.